शोकाचा सांडवा : माहूरगड ते किल्लारी

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनास जो पहिल्यानेंच जातो त्याला एका गोष्टीचें नवल वाटतें. गाभाऱ्यांत देवीची सबंध मूर्ति नाहीं. भूमींतून वर आलेला शेंदूरचर्चित मुखाचा तांदळा तेवढा आहे. याचें कारण क्षेत्रकथा साधारणतः असें सांगते : पित्याचा वध झाल्यावर परशुराम कावडीच्या एका पारड्यांत पित्याचें शव आणि दुसऱ्यांत माता घेऊन फिरत फिरत माहुरास आला. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून त्यानें तेथें पित्यास अग्नि दिला, आणि रेणुका सती गेली. पुढें आईच्या आठवणीनें तो व्याकुळ झाला, तेव्हां आकाशवाणी झाली कीं, तुझी माता भूमींतून प्रकट होईल, मात्र तूं मागें वळून पाहूं नकोस. पुत्राला तेवढा धीर धरवला नाहीं. त्यानें मागें पाहिलें, आणि मुखापुरतीच वर आलेली माता तेथेंच थांबली.

या कथेंत ऐतिहासिक तथ्य किती, हा वाद येथें अप्रस्तुत आहे. आम्हांस तिच्यांत दिसतो तो मनाचा इतिहास. महाराष्ट्रांतील साडेतीन शक्तिपीठांपैकीं एक पीठ नांदेड जिल्ह्यांतील या डोंगरावर एका मुलाच्या अपुऱ्या राहिलेल्या शोकाच्या कथेवर उभें आहे, आणि पिढ्यान् पिढ्या लोक आपापलीं न सांगितलेलीं दुःखें घेऊन तेथें चढत आले आहेत. जवळच मातृतीर्थ आहे. तेथें आईच्या नांवानें पाणी सोडलें जातें. मनांत कोंडलेलें दुःख बाहेर कसें पडावें, हा प्रश्न आमच्या मुलुखाला नवा नाहीं, याला याहून निराळी साक्ष नको.

आज हाच प्रश्न नव्या भाषेंत विचारला जातो. शरीर, मन आणि प्राण मिळून एकच अखंड ऊर्जा आहे. न ढाळलेले अश्रु आणि न बोललेला संताप त्या ऊर्जेच्या वाटेंत गांठी होऊन बसतात. जाणत्या उपचारकानें हात फिरविला कीं गांठ सुटते व रोगी मोकळा होतो, असें रेकी, प्राणोपचार इत्यादि नांवांनीं चालणाऱ्या पद्धतींचें म्हणणें असतें. त्या उपचारांस जाणारीं माणसें अडाणी नसतात. तीं तुमच्या-आमच्यासारख्या घरांतलीं, शिकलेलीं असतात, आणि त्यांतील कित्येक खरोखरच रडून, हलकीं होऊन परत येतात. त्यांस हंसणें सोपें आहे. परंतु त्यांना जें मिळालें तें कोठून मिळालें, आणि तें घेण्यासाठीं त्यांस परक्या दारीं कां जावें लागलें, हे दोन प्रश्न हंसण्यानें सुटत नाहींत. या लेखांत त्या दोहोंचा थोडा मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुःखाला वाट हवी, हा विचार फार जुना. भवभूतीनें ‘उत्तररामचरितां’त शोकानें भरून आलेल्या हृदयाला तुडुंब तळ्याची उपमा दिली आहे आणि विलापास त्याचा सांडवा मानिलें आहे. आमच्या भागांत हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील कंधार येथें राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा ‘जगत्तुंग समुद्र’ हा विस्तीर्ण तलाव आहे. आणि असा तलाव ज्यानें कोठेंहि बांधला असेल त्याला ठाऊक असतें कीं, पाणी अडवावयाचें तर जास्तीच्या पाण्याची सोय आधीं केली पाहिजे. नाहींतर एका पावसाळ्यांत बांधच वाहून जातो. आमच्या पूर्वजांनीं मनासाठीं असे सांडवे बांधले होते काय?

बांधले होते, आणि त्यांतील सर्वांत मोठा घरोघरच्या जात्यापाशीं होता. पहांटेच्या अंधारांत, पुरुषमाणसें निजलेलीं असतां, एक बाई किंवा समोरासमोर बसून दोघी जणी दळीत. खुंटा हातांत, दगडाची घरघर कानांत, आणि तोंडांत ओवी. दिवसाच्या उजेडांत जें सासूसमोर बोलतां येत नसे, नवऱ्याजवळ काढतां येत नसे, तें त्या वेळीं जात्याला सांगितलें जाई. गेलेली आई, न आलेला भाऊ, पोटचें दगावलेलें पोर, सासरचा जाच, सारें त्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांखेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. मराठवाड्यांतील बायकांच्या ओव्याहि त्यांत आहेत. वाङ्मय म्हणून त्यांची थोरवी आहेच. पण आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, हा रोजचा, फुकटचा आणि लाज न आणणारा उपचार होता. त्यांत ऐकणारी सोबतीण होती, हाताला काम होतें, आणि ओवीचें वळण जुनेंच असल्यामुळें ‘हें माझें एकटीचें दुःख’ असें उघड म्हणावेंहि लागत नसे. पुढें पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांवरचा भार उतरला, तो उतरावयासच हवा होता. परंतु जात्याबरोबर तो पहांटेचा तासहि गेला, आणि त्याच्या जागीं कांहीं आणावें असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

दुसरा सांडवा सार्वजनिक. गोंधळ्यांचे रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद आहेत. पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजापूरच्या भवानीचे. लातूर-नांदेडकडील घरांत लग्नकार्यानंतर संबळ वाजे, नवरात्रांत आराधी मंडळी जमत, आणि त्या रात्रीं घरच्या आनंदाबरोबर गेलेल्या माणसाची आठवणहि निघे. मोहरमांत मर्सिये म्हटले जात; करबलेचा शोक करतां करतां कोणी आपलाहि शोक करून घेई. ज्या दुःखाला नांव देणें कठीण, तें अशा वेळीं देवाच्या किंवा शहिदाच्या नांवावर रडतां येई.

तिसरा मार्ग अंगांत येण्याचा. त्याविषयीं लिहितांना आम्हांस सावध राहिलें पाहिजे, कारण त्यांत करुणा आणि क्रौर्य दोन्हीं शेजारीं शेजारीं नांदतात. जी सून वर्षभर मान वर करीत नाहीं, तिच्या अंगांत देवी आली कीं सासरा तिच्यापुढें हात जोडतो. जें ती बोलूं शकत नाहीं, तें देवी बोलते. वीडा स्कल्टन्स या मानवशास्त्रज्ञ विदुषीनें १९८० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील एका महानुभाव मंदिरांत राहून अशा बायकांचा अभ्यास केला. तिला आढळलें तें असें कीं, घरांतील मुलाचें अथवा नवऱ्याचें दुखणें आपल्यावर यावें, म्हणजे तो सुटेल, अशा भावनेनें कित्येक बायका घुमत. माहूर हें महानुभावांचेंहि पवित्र स्थान आहे, म्हणून ही गोष्ट आम्हांस दूरची वाटत नाहीं. येथें दुःख बाहेर पडतें खरें, पण सबंध घराचें दुःख एकाच बाईच्या देहावाटे. आणि जेथें भूत काढण्याच्या नांवाखालीं मार, धूर, साखळी यांचा प्रयोग होतो, तेथें तर उपचार उरतच नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ सालीं महाराष्ट्रानें जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशाच प्रकारांस आळा घालण्यासाठीं, आणि तो योग्यच होता.

आतां ‘ऊर्जे’कडे वळूं. हाताच्या हालचालींनीं अदृश्य प्रवाह मोकळा करण्याची कल्पना पूर्वेकडचीच आहे असा समज आहे. परंतु तिचा एक मोठा अध्याय युरोपांत घडला. व्हिएन्नाचा वैद्य मेस्मर १७७८ सालीं पॅरिसला आला. सर्व विश्वांत एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, तो देहांत अडला कीं रोग होतो, आणि आपल्या ‘प्राणिज चुंबकशक्ती’नें तो वाहता करतां येतो, असें त्याचें म्हणणें. त्याच्या दालनांत रोगी एकत्र बसत. मेस्मर हात फिरवी. कोणी रडे, कोणी हंसे, कोणाला झटके येत, आणि मग शांत वाटे. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें चौकशीमंडळ नेमलें. त्यांत बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए होता. त्यांनीं फ्रँकलिनच्या बागेंत एका झाडांत ही शक्ति भरावयास लावली आणि बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून झाडाझाडापाशीं नेलें. मुलगा चौथ्या झाडाशीं बेशुद्ध होऊन पडला. तें झाड शक्ति न भरलेलें होतें. मंडळानें निर्णय दिला कीं, परिणाम खरा, पण द्रव खोटा. जें घडतें तें कल्पनेच्या बळानें.

पुढें ही विद्या हिंदुस्थानांतहि आली. १८४५ सालीं बंगालमधील हुगळीस डॉ. एस्डेल यानें रोग्यांस मेस्मरी गुंगींत घालून शस्त्रक्रिया केल्या; १८४७ सालीं भुलीसाठीं क्लोरोफॉर्म वापरांत आलें आणि तो प्रयोग मागें पडला. १९२२ सालीं जपानांत मिकाओ उसुई यानें रेकीचा पाया घातला. ती हवाई बेटांवरून अमेरिकेंत व तेथून सर्वत्र पसरली. १९९८ सालीं अमेरिकेच्या वैद्यकीय संघाच्या नियतकालिकांत एमिली रोझा नांवाच्या शाळकरी मुलीचा एक प्रयोग छापला गेला. माणसाच्या देहाभोंवतींची ऊर्जा हातांस जाणवते असें म्हणणाऱ्या २१ उपचारकांना तिनें पडद्याआडून हात पुढें करावयास सांगितलें, आणि आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे तें ओळखा, एवढेंच विचारलें. २८० वेळांपैकीं १२३ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें फेंकून ठरविलें असतें तरी निम्मीं बरोबर आलीं असतीं.

मग त्या उपचारांनीं मन मोकळें होतें तें कसें? आमच्या मतें उत्तर १७८४ सालींच अर्धें मिळालें होतें. प्रवाह नाहीं, पण शांत खोली आहे, घाई नसलेला एक माणूस आहे, तासभर दुसऱ्या कोणाची हांक नाहीं, आणि ‘तुमच्या आंत कांहीं तरी अडलें आहे’ असें कोणी तरी आपणहून म्हणतो. ज्या घरांत वर्षानुवर्षें असें कोणी म्हटलें नाहीं, तेथील माणसाच्या डोळ्यांस या एका वाक्यानें पाणी यावें, यांत चमत्कार कसला? जात्यापाशीं जें होतें तेंच येथें आहे. फक्त आतां त्याला शुल्क पडतें आणि त्याचें श्रेय अदृश्य शक्तीला जातें.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग व्हिएन्नांतच पुढें सांपडतो. १८८० ते १८८२ या काळांत डॉ. ब्रॉयर हा एका तरुण स्त्रीवर उपचार करीत होता. वडिलांच्या आजारपणांत तिचीं दुखणीं सुरू झालीं होतीं. मनांतलें बोलून दाखविलें कीं तीं ओसरत. तिनेंच या पद्धतीला बोलण्याचा उपचार असें नांव दिलें, आणि १८९५ सालीं ब्रॉयर व फ्रॉइड यांनीं तिची हकीकत ग्रंथरूपानें छापली. भावना बाहेर काढली कीं रोग जातो, या आजच्या सर्वसाधारण समजुतीचें मूळ पुष्कळसें या हकीकतींत आहे. परंतु ग्रंथांत न आलेला भाग असा कीं, बोलण्याचा उपचार संपल्यावरहि १८८२ सालीं तिला आरोग्यधामांत ठेवावें लागलें. ती उभी राहिली ती पुढें, कामानें. तिचें खरें नांव बेर्था पापेनहाइम. तिनें अनाथ मुली आणि फसविल्या गेलेल्या स्त्रिया यांच्यासाठीं आयुष्य वेंचलें, आणि १९०४ सालीं जर्मनींतील ज्यू स्त्रियांचा संघ स्थापन केला. सांडव्यानें बांध वांचला. पण शेत पिकलें तें पाटानें.

हें सारें मनांत ठेवून आतां आमच्या भागाच्या सर्वांत मोठ्या शोकाकडे यावें. २९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी होती. गणपति पोंचवून लोक उशिरां निजले. ३० तारखेच्या पहांटे चारला कांहीं मिनिटें असतां लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सास्तूर या परिसरांत भूकंप झाला. त्याची प्रत सहाच्या थोडी वर होती. जगाच्या मानानें हा धक्का फार मोठा नव्हे. पण दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें होतीं. उन्हाळ्यांत ज्या माळवदानें गारवा दिला तेंच निजलेल्या माणसांवर आलें. सरकारी गणनेनें जवळजवळ आठ हजार माणसें गेलीं. इतर अंदाज त्याहून मोठे आहेत. मोडलेल्या घरांच्या लांकडांनींच सामुदायिक चिता रचाव्या लागल्या. आणि तिथि भाद्रपदी पौर्णिमा. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. ज्या पंधरवड्यांत गेलेल्यांस पान वाढावयाचें, त्याच्या उंबरठ्यावर वाढणारे आणि घेणारे एकदमच गेले होते. कोणाला अग्नि कोणी दिला हेंहि कित्येकांस कळलें नाहीं. अपुरा शोक म्हणतात तो हाच.

महिन्याभरानें मानसोपचारतज्ज्ञांनीं वांचलेल्यांची एक लहानशी पाहणी केली. ती १९९६ सालीं अमेरिकेंतील मानसोपचाराच्या नियतकालिकांत आली; तपासलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांत मनोविकाराचीं लक्षणें दिसलीं होतीं. रात्रीं छताखालीं निजण्याची भीति, जराशा आवाजानें दचकणें, आणि डोळ्यांत पाणीच न येणें हीं दुखणीं केवळ हात फिरवून किंवा ‘मोकळेपणानें रडा’ असें सांगून जाणारीं नव्हेत. आपत्तीनंतर लगेच माणसाकडून सारी हकीकत वदवून घेऊं नये, त्यानें हित होत नाहीं, असें पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेंत सांगितलें. अन्न, पाणी, आसरा द्यावा, आप्तांची गांठ घालून द्यावी, शेजारीं बसावें, आणि बोललें तर ऐकावें. सांडवा फोडून काढावयाचा नसतो. पाणी चढलें म्हणजे तो आपण वाहतो.

पुनर्वसनांत बावन्न गांवें नव्या जागीं वसलीं. घरें भक्कम झालीं, रस्ते रुंद झाले, चौकटीच्या आंखणीनें घरापासून घर दूर गेलें. जुन्या गांवांत बोळ अरुंद, भिंतीस भिंत. त्याच अरुंदपणानें माणसें दगावलीं, हें खरें. पण त्याच बोळांतल्या ओट्यावर संध्याकाळीं बायका बसत. जातें आधींच गेलें होतें. आतां ओटाहि गेला. शोक करावयाची वेळ आली तेव्हां शोक करावयाची जागाच उरली नव्हती.

ही जागा पुन्हा कशी मिळाली, याची एक हकीकत आम्हांस फार मोलाची वाटते. जागतिक बँकेच्या साह्यानें १९९४ पासून चाललेल्या पुनर्वसन-योजनेंत, जीं गांवें हलविलीं नाहींत त्यांच्या घरदुरुस्तीसाठीं ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानें गांवोगांवच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यांत आलें. काम अगदीं रुक्ष : भूकंपाला टिकणारी भिंत कशी बांधावी तें शिकावयाचें, अनुदानाचे हप्ते समजून घ्यावयाचे, घरोघर जाऊन सांगावयाचें, इंजिनियरला प्रश्न विचारावयाचे. यांत ऊर्जा, उपचार, मन हे शब्दहि नव्हते. परंतु ज्या बाईला घराबाहेर चार पावलें टाकण्याची मुभा नव्हती ती आतां दुसऱ्या बाईच्या ओसरीवर बसूं लागली. आणि भिंतीची गोष्ट निघाली कीं भिंतीखालीं गेलेल्या माणसाची गोष्ट निघाल्यावांचून कशी राहील? पुढें २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां लातूरकडच्या या अनुभवी बायका तिकडील बायकांस धीर व माहिती देण्यासाठीं गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा. पण ‘आमचेंहि घर असेंच पडलें होतें’ हें वाक्य बोलण्याचा अधिकार त्यांच्यापाशीं होता. कोंडलेल्या शोकाचें असें सोनें झालेलें आमच्या जिल्ह्यांच्या इतिहासांत दुसरें नाहीं.

आम्ही कोणा वाचकास अमक्या उपचारकाकडे जाऊं नका असें सांगावयास बसलों नाहीं. स्पर्शानें, शांततेनें कोणाला बरें वाटत असेल तर तें वाटणें खोटें नव्हे. दोनच गोष्टी आमच्या आग्रहाच्या आहेत. झोंप उडाली, अन्न जाईना, जगण्यावरून मन उडालें, असें झालें तर ती ऊर्जेची गांठ समजून दिवस घालवूं नयेत. तें दुखणें आहे, आणि त्याचे वैद्य व औषधें आज जिल्ह्याच्या ठिकाणीं मिळतात. आणि दुसरी गोष्ट आम्हां शिकलेल्या घरांची. आम्हीं जात्याची ओवी मागासलेली ठरविली, आराध्यांना दारावरून परत पाठविलें, अंगांत येणाऱ्या बाईला हंसलों. यांतलें कांहीं टाकण्यासारखेंच होतें. पण जुने सांडवे बुजवितांना नवे बांधण्याची आठवण आम्हांस राहिली नाहीं. आमच्या घरांत माणूस गेला तर तेराव्या दिवशीं सारीं कामावर जातात, आणि त्याचें नांव निघालें कीं कोणी तरी विषय बदलतें. मुलगा आईसाठीं रडला तर त्याला ‘पुरुषासारखा वाग’ म्हणतात. मग तोच मुलगा चाळिशींत कोणा परक्याच्या हाताखालीं डोळे मिटून निजतो आणि प्रथमच रडतो.

परशुरामाला मागें पाहूं नकोस असें सांगितलें होतें, त्यानें पाहिलें. कथा त्याला दोष देते, पण लोकांनीं दिला नाहीं. त्यानें वळून पाहिलें त्या ठिकाणींच त्यांनीं देऊळ बांधलें आणि तेथें जाण्याचा परिपाठ ठेविला. आपल्या घरांतहि कोणी मागें वळून पाहूं लागलें तर त्याला घाईनें पुढें ढकलूं नये. त्याच्या शेजारीं बसावें, गेलेल्याचें नांव आपण होऊन काढावें, आणि मग दोघांनीं मिळून हातीं घ्यावें असें कांहीं काम शोधावें. याला कोणत्याहि शक्तीची दीक्षा लागत नाहीं. लागतो तो संध्याकाळचा तासभर वेळ, आणि तोच आम्ही आजवर एकमेकांस दिला नाहीं.